नव्या हॉस्पिटलातले पहिले पंधरा दिवस



आज माइकसमोर एकच जण बसली असली तरी हे भाषण आम्ही तिघींनी मिळून लिहिलंय. तिघीही नर्स. एक कट्ट्याची, एक वराडची, एक पेंडूरची. मागच्या रविवारी तिघींना एकाच दिवशी सुट्टी मिळाली, असं वर्षातून दोनदा घडतं, आणि चहाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत हे कागद भरले. म्हणून यात 'मी' कुठेच नाही, 'आम्ही' आहे. कुठली गोष्ट कोणाची ते सांगणार नाही. तुम्ही ओळखाल तर ओळखा.

आम्ही कायमच्या नोकरीतल्या नव्हे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली 11 महिन्यांची ऑर्डर, कोविडच्या वेळची 3 महिन्यांची ऑर्डर, मुंबईतली खासगी हॉस्पिटलं, गोव्यातलं इस्पितळ, असं करत आम्ही फिरलो. तिघींची मिळून नऊ हॉस्पिटलं झाली. अमेरिकेत अशा नर्सला ट्रॅव्हल नर्स म्हणतात. तिथे एजन्सी साधारण 13 आठवड्यांसाठी एका हॉस्पिटलात पाठवते, ते संपलं की दुसरं शहर. पगार कायमच्या नर्सपेक्षा बरा असतो. आपल्याकडेही बॅग तशीच भरावी लागते, गावं तशीच बदलतात, फक्त त्याला नाव नाही आणि पगाराचं तर विचारूच नका.

आज बोलायचं कारण असं. गेल्या दोन महिन्यांत बचत गटातल्या दोन आया आमच्याकडे आल्या. पहिलीची मुलगी नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स करून मुंबईला लागली होती. दहा दिवस झाले होते. आई म्हणाली, "चेडू फोनार रडता. म्हणता, आये, माका हय जमाचा नाय. हाडू काय गो तिका परत?" दुसरी आई विचारायला आली तेव्हा ती रात्रीच्या गाडीने जाऊन मुलीला घेऊनही आली होती. मुलगी आता घरी आहे. तिच्या फीसाठी गटातून घेतलेलं कर्ज मात्र अजून फिटायचं आहे, आणि ते कर्ज कोणाच्या सहीवर दिलं हे गटातल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे घरात रडणाऱ्या दोघी झाल्या.

त्या आईने चूक केली असं आम्ही म्हणणार नाही. लेकरू रडतं आणि आई ऐकते, तिथे शहाणपण सांगणं सोपं असतं. पण आमचं तिघींचं त्या पहिल्या पंधरा दिवसांत काय झालं होतं ते तुम्हाला माहीत असावं, कारण फोन तुम्हालाच येतो. आमच्यातली एक तर चौथ्या दिवशी दादरला तिकिटाच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती. रांग फार मोठी होती आणि ड्युटीची वेळ झाली, म्हणून ती परत फिरली. त्याला आता बारा वर्षं झाली.

घरच्यांना वाटतं, मुलगी शिकली, पास झाली, कौन्सिलात नाव नोंदलं गेलं, म्हणजे तिला काम येतं. येतंच. सलाईन लावायला येतं, इंजेक्शन द्यायला येतं, बाळंतपणात डॉक्टरच्या हाताशी उभं राहायला येतं. पण सलाईनचा स्टँड या वॉर्डात कुठल्या कोपऱ्यात ठेवतात ते कुठल्या कॉलेजात शिकवणार? औषधं सगळीकडे तीच, कपाटं वेगळी. रजिस्टर सगळीकडे असतं, पण कुठे लाल शाईने लिहायचं नि कुठे निळ्या, ते वेगळं. औषध मागवायचा कागद कुठे सकाळी सातला द्यायचा असतो, कुठे दुपारी. कुणाला सिस्टर म्हणायचं, कुणाला ताई, कुणाला मॅडम, तेही वेगळं. सरकारी कागदावर अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका असे भारदस्त शब्द असतात, पण वॉर्डात त्यांचं स्टाफ सिस्टर, इनचार्ज आणि मेट्रन असंच चालतं. नव्या मुलीला ऑर्डरवरचा शब्द पाठ असतो आणि वॉर्डातला माहीत नसतो.

तुम्ही लग्न होऊन सासरी आलात तेव्हाचं आठवा. भाकरी तुम्हाला येत होती. पण पिठाचा डबा कुठला, मिठाची बरणी कुठली, उकड्या तांदळाला इथे पाणी किती लागतं, हे कोण सांगणार? आणि विचारायला गेलं की ऐकायचं, "आवशीन शिकवल्यान नाय?" वॉर्डात अगदी हाच प्रश्न येतो. फक्त भाषा बदलते. "कॉलेजात शिकवलं नाही का?" हे वाक्य आम्ही नऊच्या नऊ हॉस्पिटलांत ऐकलंय. एकदा ऐकलं की मुलगी दुसऱ्यांदा विचारत नाही. इथेच सगळं बिघडतं. सासरी बरणी चुकली तर आमटी खारट होते. वॉर्डात काय होतं ते सांगतो.

हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही. मोठ्या शहरातलं खासगी. आमच्यातल्या एकीचा तिथला तिसरा दिवस, संध्याकाळची पाळी. 28 रुग्ण आणि दोन सिस्टर. त्यातली एक जेवायला गेलेली. साखरेच्या एका आजींना रात्रीच्या जेवणाआधी 20 युनिट इन्शुलिन द्यायचं होतं. आता हे नीट ऐका, कारण तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरी सासूला नाहीतर नवऱ्याला इन्शुलिन चालू असतं. इन्शुलिनच्या बाटल्या दोन तऱ्हेच्या मिळतात. एकीवर 40 लिहिलेलं असतं, एकीवर 100. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट किंवा 100 युनिट. सिरींजही दोन तऱ्हेच्या. 40 च्या बाटलीला लाल टोपणाची, 100 च्या बाटलीला नारंगी टोपणाची. आधीच्या हॉस्पिटलात सगळा कारभार 40 चा होता, त्यामुळे हाताला लाल टोपणाची सवय. इथे फ्रिजमध्ये 100 ची बाटली होती आणि ट्रेमध्ये दोन्ही सिरींजा एकत्र पडलेल्या. हाताने सवयीने लाल उचलली. 20 च्या रेघेपर्यंत औषध भरलं.

वॉर्डातल्या मावशी बेडपॅन घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या. हळूच म्हणाल्या, "सिस्टर, आमच्याकडे त्या बाटलीला नारंगी घेतात हो."

हिशोब करून बघा. लाल सिरींजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत अर्धा मिलिलिटर मावतो. 100 च्या बाटलीतला अर्धा मिलिलिटर म्हणजे 50 युनिट. 20 च्या जागी 50. आजींना जेवण करून झोप लागली असती, रात्री साखर उतरली असती, घाम सुटला असता, आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, आजी गाढ झोपल्यात, उठवू नका.

त्या रात्री घरी फोन झाला तेव्हा तीही रडली. आईला वाटलं, पोरीला करमत नाही. करमण्याचा प्रश्नच नव्हता. ती घाबरली होती, आणि खरं कारण सांगायची लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी तिने इनचार्ज सिस्टरना स्वतः जाऊन सांगितलं. इनचार्ज आधी खूप ओरडल्या. मग संध्याकाळपर्यंत त्यांनी दोन वेगळे डबे करून दोन्ही सिरींजा वेगळ्या ठेवल्या. म्हणजे ही चूक त्या ट्रेमध्ये आधीपासून बसून होती, आमच्या मुलीची वाट बघत.

घरच्यासाठी एवढं लक्षात ठेवा. बाटली बदलली, दुकान बदललं, तर आधी बाटलीवरचा आकडा वाचा. 40 ला लाल, 100 ला नारंगी. आणि पेनमधलं इन्शुलिन बहुतेक 100 चं असतं, ते साध्या सिरींजने ओढून काढू नका.

तर त्या दिवसापासून आम्ही तिघींनी एक ठरवलं. नव्या जागी पहिल्या दिवशी वेडं दिसायचं. वेडं म्हणजे, सगळं विचारायचं. इमर्जन्सीची ट्रॉली कुठे, तिची किल्ली कोणाकडे, ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर कुठला नि रिकामा कुठला, रात्री डॉक्टरांना कोणत्या नंबरवर बोलवायचं, एका वेळी कोणती दोन औषधं नावाने सारखी दिसतात. ड्युटीला पंधरा मिनिटं आधी जायचं आणि आधीच्या सिस्टरकडून ओव्हर घ्यायची ती टेबलाशी बसून नव्हे, एकेका खाटेशी उभं राहून. ओव्हर म्हणजे पाळी बदलताना एकीने दुसरीला रुग्ण सोपवणं. टेबलाशी घेतली तर खाट नंबर सात हा एक आकडा असतो. खाटेशी गेलं की नंबर सात म्हणजे पाय सुजलेली, कानाने कमी ऐकणारी बाई असते, आणि मग औषध चुकत नाही.

आणि मावशींना, मामांना पहिल्या दिवशी नाव विचारायचं. डॉक्टर बदलतात, आमच्यासारख्या कंत्राटी सिस्टर तर पाहुण्याच, पण वॉर्डातल्या मावशी वीस वर्षं तिथेच असतात. सातवी शिकलेल्या त्या बाईने एका आजींचा जीव वाचवला, त्याची कुठल्याच रजिस्टरात नोंद नाही. आज रेडिओवर तरी होऊ दे.

एक गोष्ट मात्र देशात कुठेही गेलं तरी सारखी सापडते. कचऱ्याच्या बादल्या. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी रंग ठरवून दिलेत. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या नि सिरींजा लाल, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. गोव्यात पहिल्या दिवशी जेव्हा काहीच ओळखीचं दिसेना, तेव्हा त्या रंगीत बादल्या बघून बरं वाटलं होतं. हसू नका, खरंच.

आता मोठ्या माणसांची एक गोष्ट. 12 मे ला जिच्या जन्मदिवसाला आम्हाला गुलाबाचं फूल देतात, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई नोव्हेंबर 1854 मध्ये 38 बायका घेऊन तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात पोचल्या. तिथल्या डॉक्टरांना त्या नकोच होत्या. बाईंनी काय केलं? बोलावल्याशिवाय वॉर्डात पाय ठेवायचा नाही असं आपल्या नर्सना बजावलं, आणि शिवणकाम, जखमींसाठी खाणं शिजवणं, अशी कामं काढली. थोड्याच दिवसांत लढाईतून जखमींचे लोंढे आले आणि त्याच डॉक्टरांना त्यांना बोलवावं लागलं. नर्सिंगच्या कॉलेजात ही गोष्ट सबुरीची म्हणून सांगतात. आम्हाला तिची दुसरी बाजूही दिसते. नाइटिंगेल बाईंच्या पाठीशी लंडनमधला मंत्री होता, आणि वर्तमानपत्राने गोळा केलेला निधी होता. शिवाय त्या 38 जणी एकत्र होत्या. आपली मुलगी एकटी जाते, हातात एक बॅग नि आईने दिलेलं कुळथाचं पीठ.

एकटी. याच शब्दावर आम्ही रविवारी सगळ्यात जास्त वेळ बोललो.

आपल्या कोकणातला माणूस मुंबईला गेला तो एकटा गेला नाही. गिरण्यांच्या काळात गिरगावात, लालबाग-परळला गावागावाच्या खोल्या असायच्या. गावकऱ्यांनी वर्गणी काढून घेतलेली खोली, पाळीपाळीने झोपायचं, भिंतीला ट्रंका लावलेल्या. नवीन पोरगा बोटीतून उतरला की सरळ त्या खोलीवर जायचा. नोकरी कोणत्या खात्यात, मुकादम कसा, कुठे गप्प राहायचं, हे त्याला पहिल्याच रात्री खोलीवरचे काका सांगायचे. आणि जेवायला खानावळ. त्या खानावळी चालवणाऱ्या बायाच होत्या, त्यांच्यासाठी प्रेमा पुरव बाईंनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते तुम्ही ऐकलं असेल. म्हणजे चाकरमान्यांना गावाने खोली दिली, बायांनी जेवण दिलं. आता चाकरमानी झाल्यात आपल्या मुली. त्यांच्यासाठी गावाची खोली कुठे आहे?

ही खोली आम्हाला दिसली ती मल्याळी सिस्टरांकडे. मुंबईत, पुण्यात, गोव्यात, कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात जा, केरळच्या सिस्टर असतातच. कोविडमध्ये जून 2020 ला मुंबईच्या मदतीला केरळहून डॉक्टर-नर्सची तुकडी आली तेव्हा लोकांना नवल वाटलं, आम्हाला नाही वाटलं. त्यांची रीत आम्ही पाहिली होती. नवी मुलगी यायची असली की जुनीपैकी कोणीतरी आपली सुट्टी त्या दिवशी घेते. स्टेशनवर जाते. खोलीवर भात तयार असतो. त्याच रात्री त्या नव्या मुलीला सांगून होतं की अमुक वॉर्डाच्या इनचार्ज तोंडाने कडक पण मनाने चांगल्या, अमुक डॉक्टरांचं अक्षर असं वाचायचं, अमुक जिन्याने रात्री जायचं नाही. त्या मुलीला दुसऱ्या दिवशी वॉर्डात प्रश्न कमी पडतात, कारण अर्धे खोलीवरच विचारून झालेले असतात. आमच्यातल्या एकीला अशाच एका चेची नावाच्या... नाही, चेची हे नाव नव्हे, चेची म्हणजे त्यांच्यात ताई. तर एका चेचीने आपल्या खोलीत जागा दिली म्हणून ती टिकली. आठ महिने नारळाचं तेल दोघींना सारखंच लागायचं, त्यामुळे भांडण झालं नाही.

त्या जिन्याची गोष्ट आली आहे तर तीही सांगून टाकतो, कारण आया रात्रपाळीबद्दल विचारतात आणि आम्ही टाळतो. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या अरुणा शानबाग तुम्हाला ठाऊक असतील. कर्नाटकातल्या हळदीपूरहून आलेली नर्स. नोव्हेंबर 1973 मध्ये ड्युटी संपल्यावर तळघरात कपडे बदलताना तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. त्यानंतर ती मुलगी उठली नाही, 18 मे 2015 ला गेली. मधली 42 वर्षं केईएमच्या नर्सनी तिला सांभाळलं, एका पिढीने दुसरीच्या हाती सोपवत. हे भीती घालायला सांगत नाही. नव्या मुलीला कुठली जागा ओस असते ते माहीत नसतं, जुनीला असतं, एवढंच. कपडे बदलायची खोली कुठे, तिला आतून कडी आहे का, रात्री दुसऱ्या वॉर्डात जायचं तर सोबत कोण, हे पहिल्या दिवशी विचारायचंच. आणि 2013 च्या कायद्याने दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी महिलांच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. कंत्राटी मुलीलाही तिथे तक्रार करता येते. समितीत कोण आहे ते भिंतीवर लावलेलं असायला हवं. नसेल तर तोही एक प्रश्न विचारायचा.

आता गंमत सांगतो, नाहीतर तुम्ही रेडिओ बंद कराल.

आपल्या मुली बाहेर जातात तशा बाहेरच्या मुली आपल्याकडे येतात. सरकारी भरती राज्यभराची असते. बीडची, लातूरची, चंद्रपूरची सिस्टर सिंधुदुर्गात येते आणि तिच्या पुढ्यात आपली मालवणी उभी राहते. अशीच एक चंद्रपूरची सिस्टर, नवीन. सकाळच्या गर्दीत एका आजीने खिडकीशी येऊन विचारलं, "बाय, माझो झील खंय गेलो?" तिकडे हिंदी कानावर फार. झील म्हणजे तलाव. सिस्टर बिचारी प्रेमाने म्हणाली, "आजी, इथे झील नाही. मागे विहीर आहे."

आजीने मागे विहीर एवढंच ऐकलं. हातातली पिशवी तिथेच टाकून ती धावली, आणि तिच्या मागून अर्धी रांग. झील केसपेपरची पावती घेऊन बाहेर विडी ओढत होता.

नंतर सगळे हसले. ती सिस्टर मात्र त्या रात्री खोलीवर रडली, हे तिने आम्हाला पुष्कळ महिन्यांनी सांगितलं. तिलाही परत जायचं होतं. तिच्या आईचाही फोन येत होता. आणि खोली तरी कसली, तीन घरांनी एकटी बाई म्हणून नाही म्हटलं होतं, चौथ्याने दिली ती गोठ्याला लागून. मुंबईत आपल्या मुलीला खोली मिळत नाही म्हणून आपण हळहळतो. आपल्या वाडीत काय होतं ते ही सिस्टर सांगेल. उपकेंद्रात नवी सिस्टर आली की आपण पहिल्या आठवड्यात काय बघतो? तिला सुई नीट टोचता येते का, ती कोणाची, तिचं लग्न झालंय का. तिला पेज मिळते का, विहीर कुठे आहे, आठवड्याचा बाजार कधी, मोटार किती वाजता, हे सांगायला कोण गेली होती?

तिने मालवणी कशी शिकली ते ऐका. आशाताईंनी तिला वहीत लिहून दिलं. चेडू म्हणजे मुलगी, झील म्हणजे मुलगा, घोव म्हणजे नवरा, आवस म्हणजे आई. खंय दुखता, कधीपासून दुखता. दोन पानं. आता ती आमच्यापेक्षा ठसक्यात "गो बाये" म्हणते.

गोव्यात उलट झालं. तिथे आमची मालवणी कामाला आली. वॉर्डात इंग्रजी, हिंदी चालू असायचं, आणि एक म्हातारा कोणालाच काही सांगेना. आमच्यातली एक खाटेशी गेली आणि घरच्यासारखं म्हणाली, "खंय दुखता?" म्हाताऱ्याने तिचा हात धरला तो सोडेना. त्यानंतर त्या वॉर्डात तिला कोणी नवी म्हटलं नाही. एक मात्र लक्षात ठेवा, गोवा जवळ असला तरी राज्य दुसरं आहे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी तिथे आपोआप चालत नाही. इथून ना-हरकत घेऊन त्या राज्याच्या कौन्सिलात नाव नोंदवावं लागतं. एजंट सांगतो नंतर बघू. नंतर कोणी बघत नाही.

आणि मूळ प्रमाणपत्रं कोणाच्या हातात ठेवायची नाहीत. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत पिशवीत. आमच्यातल्या एकीची मूळ कागदपत्रं एका खासगी ठिकाणी ऑफिसच्या कपाटात पाच महिने अडकली होती, सोडून जाईल या भीतीने त्यांनी ठेवून घेतलेली. ती सोडवायला तीन वेळा खेपा माराव्या लागल्या आणि शेवटी एका वकिलाचं पत्र.

आता फोनबद्दल, कारण खरं तर त्यासाठीच आलोय. मुलीचा रडून फोन आला की "घेऊन येऊ काय?" हे पहिल्या पंधरा दिवसांत विचारू नका. तिला हो म्हणायला एकच शब्द लागतो आणि नाही म्हणायला सगळा जोर. त्यापेक्षा विचारा, जेवलीस काय, कोणाचं नाव कळलं, आज काय नवीन विचारलंस, कोण ओरडलं. ओरडलेलं सांगू दे तिला. सांगून झालं की निम्मं जातं. "तू तर एवढी शिकलीस, तुला येत नाही असं कसं?" हे वाक्य तोंडात आलं तरी गिळा. ते ती दिवसभर ऐकून आलेली असते.

पण मुलगी रडायची थांबली, बोलायचीच थांबली, फोनवर नुसतं हो नि नाही येऊ लागलं, पगार विचारला की विषय बदलू लागला, तर मात्र त्याच रात्रीची गाडी पकडा. रडणारी मुलगी बहुतेक टिकते. गप्प झालेलीला बघायला जायला लागतं. तेव्हा कर्जाचा विचार करू नका, आणि गटानेही करू नये. हप्ता दोन महिने पुढे ढकलता येतो. त्यासाठी गटात आधीच ठराव करून ठेवता येईल, नाहीतर ऐनवेळी त्या बाईला सगळ्यांसमोर हात जोडत उभं राहावं लागतं.

चतुर्थीचंही आधीच सांगून ठेवतो. पहिल्या वर्षी गणपतीला सुट्टी मिळत नाही. नव्या मुलीला तर नाहीच. मुंबई अर्धी रिकामी होते, गाड्या भरभरून कोकणात येतात, आणि ही वॉर्डात. त्या दिवशी फोन करून आरतीचा आवाज ऐकवू नका. आम्हाला एकीच्या घरच्यांनी प्रेमाने ऐकवला होता. ती औषधांच्या खोलीत जाऊन दहा मिनिटं बसली.

शेवटचं, आमच्या वहीबद्दल. रविवारी आम्ही एक वही केली. कट्टा, वराड, पेंडूर आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या कोण कोण कुठल्या शहरात नर्स आहेत, त्यांची नावं. मुंबईच्या, पुण्याच्या, गोव्याच्या, ओरोसच्या. आठवून आठवून सतरा झाली. प्रत्येकीला फोन करून विचारलं, गावातली नवी मुलगी आली तर तू स्टेशनवर जाशील काय, पंधरा दिवस खोलीत घेशील काय. अकराजणी हो म्हणाल्या. चौघी म्हणाल्या, खोलीत जागा नाही पण स्टेशनवर येतो. दोघींनी अजून सांगितलेलं नाही, त्यातली एक नाईटला आहे. तुमच्या घरातलं, शेजारचं कुणी असेल तर गटाच्या बैठकीत नाव द्या.

वही गटाच्या पेटीत आहे, कर्जाच्या रजिस्टरच्या खाली. परवा त्या परत आलेल्या मुलीची आई येऊन पेटी उघडायला लावून गेली. तिने मुंबईच्या पानावरची दोन नावं चिठ्ठीवर उतरून घेतली. मुलीने अजून काही ठरवलेलं नाही.